घोड्याचं माप घेणारा माणूस : जेम्स वॅट

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी गाडीच्या इंजिनाची पॉवर रस्त्यावरच मोजायची ठरवली. डायनामोमीटर मिळत नव्हता. मग एका मित्राच्या घरची जुनी गाडी, तिच्या डायग्नॉस्टिक पोर्टला लावलेला ॲडॉप्टर आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर भागवलं. सॉफ्टवेअर करतं काय, तर क्षणाक्षणाचा वेग टिपतं आणि त्यावरून त्वरण काढतं. आतल्या माणसांसकट गाडीचं वस्तुमान आपण भरायचं. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल, बल गुणिले वेग म्हणजे पॉवर. हवेचा आणि टायरचा विरोध त्यात मिळवायचा. बस्स, अकरावीचं फिजिक्स!

रविवारी सकाळी, सरांच्या परवानगीने, कॅम्पसमधल्या सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल दिला. जाताना आकडा आला ५० हॉर्सपॉवर आणि येताना ४३. गाडी तीच, ड्रायव्हर तोच! रस्त्याला किंचित उतार आहे हे सायकलवाल्यांना आधीपासून माहीत होतं, आम्हाला त्या दिवशी कळलं. मग वाद सुरू झाला. रिपोर्टमध्ये ५० च लिहू, छान दिसतं, असं बहुतेकांचं मत. मी पडले कॉन्व्हेंटवाली, भांडताना माझं मराठी नेमकं संपतं, म्हणून गप्प बसले. रात्री हॉस्टेलवर हा हॉर्सपॉवर मुळात आला कुठून हे वाचायला घेतलं आणि जेम्स वॅट भेटला.

किटलीचं झाकण उडताना बघून वॅटने वाफेचं इंजिन शोधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीये. ती विसरा. न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासूनच खाणीतलं पाणी उपसत होतं. वॅटचा जन्म १९ जानेवारी १७३६ चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावचा. तब्येत नाजूक, डोकेदुखी कायमची पाठीशी. लंडनला जेमतेम एक वर्ष राहून तो मोजमापाची उपकरणं बनवायला शिकला. परत आल्यावर ग्लासगोच्या कारागीर संघाने त्याला दुकान टाकू दिलं नाही, कारण सात वर्षांची उमेदवारी झालेली नव्हती. शेवटी १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात जागा दिली.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनाचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीला त्याच्याकडे आलं. ते चालू केलं की थोड्याच वेळात वाफ संपायची. दुसरा कोणी असता तर स्क्रू आवळून मोकळा झाला असता. वॅटने दर स्ट्रोकला किती वाफ लागते ते मोजलं. सिलिंडरमध्ये मावते त्याच्या कितीतरी पट वाफ खर्च होत होती. वाफेचं पाणी करायला दर वेळी सिलिंडर थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा, त्यातच कोळसा जात होता. मे १७६५ मध्ये एका रविवारी फिरताना त्याला सुचलं, की वाफ दुसऱ्याच भांड्यात थंड करावी. हाच सेपरेट कंडेन्सर. पेटंट १७६९ मध्ये मिळालं.

पण पेटंटने पोट भरत नाही. कालव्यांचे सर्व्हे करून तो संसार चालवत होता. १७७३ मध्ये भागीदार रोबकचं दिवाळं निघालं. त्याच वर्षी वॅट दूर सर्व्हेवर असताना बायको मार्गारेट बाळंतपणात गेली. मागे लहान मुलं. पुढच्या वर्षी तो बर्मिंगहॅमला गेला आणि मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराशी त्याची जोडी जमली.

इथून पुढे मला खरी गंमत वाटली. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा, हे त्यांचं मानधन! म्हणजे मोजमाप चुकलं तर एकाचं नुकसान आणि दुसऱ्याला संशय. म्हणून इंजिनावर स्ट्रोक मोजणारा काउंटर बसवला आणि तो कुलपात ठेवला. कॉर्नवॉलचे खाणमालक तरीही पैशावरून भांडलेच.

पुढे चाकं फिरवणारी इंजिनं आली. गिरणीवाले घोडे वापरायचे, त्यांना समजणार घोड्याचीच भाषा. वॅटने हिशेब मांडला. २४ फूट व्यासाच्या वर्तुळात घोडा मिनिटाला २.४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंड ओढतो. उत्तर येतं सुमारे ३२,५७२ फूट-पौंड दर मिनिटाला. त्याने ते वर नेऊन ३३,००० धरलं. साधा घोडा दिवसभर एवढं काम करूच शकत नाही. म्हणजे दहा हॉर्सपॉवरचं इंजिन घेणाऱ्याला दहा घोड्यांपेक्षा जास्तच मिळायचं. विकणाऱ्याने स्वतःचा आकडा कमी दिसेल असं माप निवडलं!

सिलिंडरमधला दाब दाखवणारा इंडिकेटरही त्याचाच. १७९६ मध्ये त्याचा सहकारी जॉन सदर्न याने त्याला पेन्सिल आणि सरकता कागद जोडला. थर्मोच्या पेपरात आपण काढतो तो पी-व्ही डायग्राम तिथूनच आला. कंपनीने तो कित्येक वर्षं गुपित ठेवला. वॅट काही संत नव्हता. पेटंटसाठी त्याने इतरांना कोर्टात खेचलं आणि जास्त दाबाच्या वाफेला विरोधच केला. १८०० मध्ये पेटंट संपलं, तो निवृत्त झाला. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, ८३ व्या वर्षी, तो गेला. १८८२ मध्ये सीमेन्सने पॉवरच्या एककाला त्याचं नाव सुचवलं. त्याचा एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट. (ब्रोशरमधला पीएस वेगळा बरं का, तो ७३५.५ वॅटचा.)

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपला हे सगळं सांगितलं, मोडक्या मराठीत. रिपोर्टमध्ये आम्ही ५० आणि ४३ दोन्ही लिहिले, सरासरी ४६.५ दिली आणि रस्त्याला उतार आहे, हा आकडा चाकांवरचा आहे, हेही लिहिलं. मार्क किती पडले ते मात्र विचारू नका. पण व्हायव्हामध्ये एकालाही मान खाली घालावी लागली नाही.