अमेरिकेचा कारभार मराठीत सांगणाऱ्या पंडिता रमाबाई

मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे गावाच्या शिवारात २००८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी ही कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली आणि तेथील केंद्र सरकारने सार्वजनिक पैसा ओतून तिला सावरले. खासगी उद्योगाच्या चुकांची किंमत करदात्यांनी का मोजावी, असा सवाल तेथील परंपरावादी भाष्यकारांनी तेव्हा केला होता. नवलाख उंबऱ्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. सरकारने काय करावे आणि समाजाने स्वतःच्या बळावर काय उभे करावे, हा अमेरिकेतील वाद मात्र फार जुना आहे. तो ज्या समाजात वाढला, त्या समाजाच्या राज्यपद्धतीची सविस्तर ओळख मराठी वाचकाला १८८९ मध्येच झाली होती. ती करून देणारी लेखिका होती तिशी नुकतीच ओलांडलेली एक विधवा. पंडिता रमाबाई.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत हे कुटुंब देशभर पायी फिरले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उरलेली दोन भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. १८८२ मध्ये पटकीने त्यांचे निधन झाले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये इंग्लंड गाठले. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्याने हे त्यांना कधीच पूर्णपणे माफ केले नाही.

अमेरिकेस जाण्याचे निमित्त घरगुती म्हणावे असेच होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास, ११ मार्च १८८६ रोजी, त्या फिलाडेल्फियात हजर राहिल्या. मुक्काम काही दिवसांचा ठरला होता. तो अडीच वर्षांहून अधिक लांबला. या काळात त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. विधवांसाठी शाळा काढायची होती आणि तिच्यासाठी सरकारकडे हात पसरायचा नव्हता. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष, तर उपाध्यक्षांत फ्रान्सिस विलर्ड या बाईंचा समावेश होता. दहा वर्षे मदत देण्याचे वचन या संस्थेने दिले.

विलर्डबाईंचे नाव येथे महत्त्वाचे आहे. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेच्या त्या अध्यक्षा होत्या. या संघटनेची भाषा घर, धर्म आणि कुटुंब यांची होती. दारूने संसार मोडतात, तेव्हा संसार राखण्यासाठी स्त्रीला मत द्या, अशी विलर्डबाईंची मांडणी. मताधिकाराचे नाव काढताच कानांवर हात ठेवणाऱ्या सनातनी मंडळींनाही हा युक्तिवाद सहजासहजी झिडकारता येत नसे. जुन्या मूल्यांच्या रक्षणासाठी नवा हक्क मागण्याची ही रीत रमाबाईंना पटली. शास्त्रीबुवांच्या घरात वाढलेल्या, परदेशातही शाकाहार न सोडणाऱ्या बाईला ती परकी वाटली नसावी. आपल्याकडे गावातील दारूदुकान बंद करण्यासाठी स्त्रिया मतदानाने बाटली आडवी करतात, त्यामागेही हेच तर्कशास्त्र आहे. रमाबाईंच्या काळी मात्र मुंबई इलाख्यातील सरकार १८७८ च्या अबकारी कायद्यान्वये दारूतून महसूल गोळा करीत होते आणि मत देण्याचा प्रश्नच नव्हता.

फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईस परतल्या. ११ मार्च रोजी चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती आणि आनंदीबाई या जगात नव्हत्या. वर्षअखेरीस निर्णयसागर छापखान्यातून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक बाहेर पडले. नावात प्रवास असला, तरी प्रवासाची हकीकत त्यात थोडी आणि लोकस्थिती फार. राज्यव्यवस्था, समाजस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व धर्मादाय संस्था यांचा त्यात विचार आहे आणि स्त्रियांच्या स्थितीला मोठी जागा दिलेली आहे. राजा नसलेले राष्ट्र चालते कसे, हे राणीच्या राज्यातील वाचकाला समजावून सांगणे हे त्या काळी साधे काम नव्हते.

रमाबाई अमेरिकेने भारावून गेल्या होत्या, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. लोकांनी आपण होऊन उभारलेल्या संस्थांचे कौतुक करताना त्यांची लेखणी थकत नाही. पण मूळ रहिवाशांवर गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेला अन्याय आणि गुलामी संपल्यावरही कृष्णवर्णीयांच्या वाट्यास येणारा भेदभाव त्यांनी लपविलेला नाही. निव्वळ स्तुतिपाठकाला हे जमले नसते.

पुस्तकातील स्वावलंबी संस्थांचे चित्र पुण्यात प्रत्यक्ष उतरविताना खरी कसोटी लागली. नोव्हेंबर १८९० मध्ये शारदा सदन मुंबईहून पुण्यास हलले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील, अशी अट होती आणि न्या. महादेव गोविंद रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. मात्र रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेचे दार उघडे असे व काही मुली तेथे बसत. टिळकांच्या ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हा रमाबाईंच्या मते श्रद्धेचा प्रामाणिकपणा होता. पालकांना तो विश्वासघात वाटला. दोन्ही बाजू समजण्याजोग्या आहेत. हानी झाली ती मुलींची. त्याच वर्षी सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, ही बाबही नोंदविली पाहिजे.

पुढचे आयुष्य दौंड तालुक्यातील केडगाव येथे गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली व विधवांनी मुक्ती सदन भरले. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना. खिळे जुळविण्यापासून सारी कामे स्त्रियाच करीत. प्लेगच्या छावण्यांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी १८९७ मध्ये जाहीर टीका केली, तेव्हा सरकारही त्यांच्यावर नाराज झाले. पुढे १९१९ मध्ये त्याच सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

१९२० मध्ये अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी अमलात आली आणि स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकारही मिळाला. विलर्डबाई त्यापूर्वीच, १८९८ मध्ये निवर्तल्या होत्या. केडगावात रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर पुरे करण्यात गुंतल्या होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली, मताधिकार राहिला. रमाबाईंचे मराठी पुस्तक ज्या देशाविषयी होते, तेथील वाचकांपर्यंत ते ११४ वर्षांनी पोहोचले. २००३ मध्ये त्याची दोन स्वतंत्र इंग्रजी भाषांतरे अमेरिकेत प्रसिद्ध झाली.