विश्लेषण : नक्कल झाली, मग नक्कल केलीही! ‘सीपी/एम’चे जनक गॅरी किल्डाल कोण होते?

विंडोजसाठी बनवलेला गेम ‘वाइन’सारख्या साधनामुळे लिनक्सवर चालतो. ही युक्ती घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. तिचा फटका आणि फायदा दोन्ही अनुभवणारे संशोधक म्हणजे अमेरिकेचे गॅरी किल्डाल.

सिएटलमध्ये १९४२ साली जन्मलेल्या किल्डाल यांच्या घरात नौकानयन शिकवणारी शाळा चालत असे. ते पुढे कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवू लागले. इंटेलच्या नव्या चिपने त्यांना झपाटले. चिपवर काम करायला धड संगणकच नव्हता, म्हणून त्यांनी मोठ्या संगणकावर त्या चिपचे सोंग वठवणारा प्रोग्रॅम लिहिला.

१९७४ मध्ये त्यांनी फ्लॉपी हाताळणारी ‘सीपी/एम’ ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली. पत्नी डोरोथी यांच्यासह ‘डिजिटल रिसर्च’ ही कंपनी थाटली. यंत्रानुसार बदलणारा भाग त्यांनी ‘बायोस’ म्हणून वेगळा काढला. तेवढाच बदलला की तीच सिस्टीम दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चाले. मायक्रोसॉफ्टनेही १९८० मध्ये ‘ॲपल टू’साठी झेड८० चिपचे कार्ड विकले, ते सीपी/एमचे प्रोग्रॅम ॲपलवर चालावेत म्हणूनच!

नक्कल नेमकी कशाची?

प्रोग्रॅम फाइल स्वतः उघडत नाही. तो सिस्टीमला ठरलेल्या क्रमांकाने हाक मारतो. सीपी/एममध्ये १५ म्हणजे फाइल उघड, ९ म्हणजे डॉलरचे चिन्ह येईपर्यंत मजकूर दाखव. दुसऱ्या सिस्टीमने त्याच क्रमांकांना तसाच प्रतिसाद दिला, की जुना प्रोग्रॅम तिच्यावर आणणे सोपे होते. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ‘८६-डॉस’ लिहिताना हेच केले. त्यात १५ आणि ९ चे अर्थ तेच राहिले, अगदी डॉलरच्या चिन्हासकट. मायक्रोसॉफ्टने ती सिस्टीम विकत घेतली आणि ती ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसीसोबत बाजारात आली.

आयबीएमचे लोक आले तेव्हा किल्डाल मजेत विमान उडवत होते, ही दंतकथा फार चालली. ते विमानाने गेले होते हे खरे, पण एका ग्राहकाकडे, कामासाठी. गोपनीयतेच्या करारावर सही करायला डोरोथी कचरल्या आणि बोलणी रखडली. पुढे आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवली. पण डॉस ४० डॉलरला आणि ती २४० डॉलरला! ग्राहक काय निवडणार, हे उघड होते. सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा तेव्हा धूसर असल्याने कोर्टाची वाटही भरवशाची नव्हती.

१९८८ मध्ये डाव उलटला. किल्डाल यांच्या कंपनीची ‘डीआर डॉस’ आता एमएस-डॉसचे प्रोग्रॅम चालवू लागली. मायक्रोसॉफ्टला हे रुचले नाही. विंडोज ३.१ च्या एका चाचणी आवृत्तीत, खाली परकी डॉस आढळली की त्रुटीचा संदेश दाखवणारा कोड सापडला. अंतिम आवृत्तीत तो निष्क्रिय होता, पण संशय पसरला तो पसरलाच. डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेलकडे गेली.

पुढे कॅल्डेरा कंपनीने डीआर डॉसचे हक्क घेऊन १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. २००० मध्ये त्यात तडजोड झाली. ती पाहायला किल्डाल नव्हते. माँटेरेमध्ये डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर ११ जुलै १९९४ रोजी, ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.