विश्लेषण : दह्यातील जिवाणूंना ‘औषध’ ठरवणारे मेचनिकॉफ कोण होते? ‘मायक्रोबायोम’ संशोधनाशी त्यांचा काय संबंध?

दही-ताक रामटेकपासून मुंबईपर्यंत घरोघरी असते. आता तालुक्याच्या गावातील औषध दुकानांतही ‘प्रोबायोटिक’ कॅप्सूल मिळतात. पोटातील जिवाणू आपले आरोग्य ठरवतात, हा विचार जगभर पोहोचवला तो इल्या मेचनिकॉफ यांनी. मुंबईतील हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या वॉल्डेमार हाफकिन यांचे ते गुरू. मेचनिकॉफ यांचा प्रश्न अचूक होता, पण उत्तर देण्यात त्यांनी घाई केली. त्या उत्तराची तपासणी आजही सुरू आहे.

सुरुवात कशी झाली?

मेचनिकॉफ यांचा जन्म 1845 मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकिव्हजवळच्या खेड्यात झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला. पुढे ते ओडेसा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेच हाफकिन त्यांचे विद्यार्थी होते.

घरात मात्र आजारपण ठाण मांडून होते. पहिली पत्नी ल्युडमिला यांना क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. 1873 मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरी पत्नी ओल्गा यांना विषमज्वराने गाठले, पण त्या बचावल्या. या काळात मेचनिकॉफ यांनी दोनदा जीव देण्याचा प्रयत्न केला. माणूस आजारी का पडतो आणि म्हातारा का होतो, हे प्रश्न त्यांच्यासाठी केवळ प्रयोगशाळेतले नव्हते.

नोबेल कशासाठी मिळाले?

1882 मध्ये ते इटलीतील मेसिना येथे होते. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असताना त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. शरीरातील काही पेशी बाहेरून आलेल्या कणांना आणि जंतूंना गिळतात, हा सिद्धांत त्यातून उभा राहिला. त्यासाठी 1908 मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

1888 मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. पुढच्या वर्षी हाफकिनही तिथे पोहोचले. मुंबईत प्लेगची साथ पसरली तेव्हा हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. शिष्य बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढत होता, तर गुरूचे लक्ष शरीरात कायमच्या वस्तीला असलेल्या जिवाणूंकडे वळले होते.

दह्याची लाट कशी आली?

मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू विष तयार करतात आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येते, असे मेचनिकॉफ यांचे म्हणणे होते. बल्गेरियातील काही भागांत आंबवलेले दूध पिणारी माणसे दीर्घायुषी असल्याची माहिती त्यांच्यापर्यंत आली होती. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कुजवणाऱ्या जिवाणूंना रोखतील, असा तर्क त्यांनी मांडला. ते स्वतः रोज आंबवलेले दूध पीत.

1904 मधील त्यांच्या पॅरिसच्या व्याख्यानानंतर युरोपात दह्याची लाट आली आणि दीर्घायुष्याच्या नावाखाली वड्या-पावडरी विकल्या जाऊ लागल्या. काही शल्यचिकित्सकांनी तर रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकायला सुरुवात केली. सिद्ध न झालेल्या तर्काची किंमत रुग्णांनी मोजली. मेचनिकॉफ यांचे 1916 मध्ये वयाच्या 71 व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. पुढे 1920 च्या दशकात येल विद्यापीठातील संशोधनातून दिसले, की बल्गेरियन दह्यातील तो जिवाणू माणसाच्या आतड्यात टिकतच नाही.

मग आज हा विषय पुन्हा का आला?

आतड्यातील अनेक जिवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे ते प्रयोगशाळेत वाढवणे कठीण जाते. आता ते वाढवण्याची गरज उरलेली नाही. विष्ठेच्या नमुन्यातून डीएनए वेगळा काढायचा, जिवाणूंची ओळख सांगणारे जनुक वाचायचे आणि संगणकावर तुलना करायची, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेने 2007 मध्ये ‘ह्युमन मायक्रोबायोम प्रोजेक्ट’ सुरू केला. 2012 मध्ये 242 निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांचे निष्कर्ष आले. दोन निरोगी माणसांच्या शरीरातील जिवाणूही खूप वेगळे असू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. 2016 मधील एका अंदाजानुसार आपल्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, तर मानवी पेशी सुमारे 30 लाख कोटी.

महाराष्ट्रात काय सुरू आहे?

अमेरिकी माणसाच्या पोटाचा नकाशा भारतीयांना तसाच लागू होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संशोधकांना भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला’ या गटातील जिवाणू विशेष प्रमाणात आढळले. धान्य आणि तंतुमय पदार्थांच्या आहाराशी या गटाचा संबंध जोडला जातो. याच केंद्राच्या पुढाकाराने देशाच्या वेगवेगळ्या भौगोलिक भागांतील आणि समाजांतील 20,600 भारतीयांचे नमुने घेण्याची योजना मांडण्यात आली. बाहेरच्या जीवनशैलीचा कमी परिणाम झालेल्या आदिवासी समाजांना त्यात प्राधान्य आहे. आहार आणि राहणी बदलली की जिवाणूंची रचनाही बदलते, म्हणून अशी नोंद वेळेत होणे महत्त्वाचे आहे.

वाचकांनी काय लक्षात घ्यावे?

या संशोधनातून हाती आलेले ठोस उपचार अजून मोजकेच आहेत. वारंवार उलटणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ संसर्गासाठी निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणूंपासून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. मधुमेह, लठ्ठपणा किंवा नैराश्याशी जिवाणूंचा संबंध दिसतो. मात्र ते आजाराचे कारण आहेत की परिणाम, हे बऱ्याचदा ठरलेले नाही.

दही-ताक आहारात असणे चांगलेच. पण एखादी कॅप्सूल वय रोखेल किंवा प्रत्येक आजार बरा करेल, असा दावा कोणी केला, तर तो नेमका कोणत्या जिवाणूबद्दल आहे आणि कोणत्या आजारावर तपासला आहे, हे आधी डॉक्टरांना विचारावे.