मेचनिकॉव्ह आणि माशांचे खाद्य

तळ्यातल्या माशांसाठी मिळणाऱ्या खाद्यात हल्ली बऱ्याचदा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे यीस्टच्या पेशीच्या आवरणातून काढलेले बीटा-ग्लुकन आणि दुसरी प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवाणू. माशांची रोगप्रतिकारशक्ती वाढावी हा दोन्हींचा हेतू. या दोन्ही विचारांचे मूळ शोधत मागे गेले, तर एकच माणूस भेटतो. त्यांचे नाव एली मेचनिकॉव्ह.

१८४५ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकिवजवळ त्यांचा जन्म झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे, वैद्यकाचे नव्हे. आजारपण मात्र घरातच होते. पहिली पत्नी लुडमिला क्षयरोगी. लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली, तेव्हा त्यांनी स्वतःचा जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वरातून वाचली. पण ओडेसा विद्यापीठातील कटकटींनी खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःलाच टोचून घेतले. त्यातूनही ते बचावले.

१८८२ च्या अखेरीस ते सिसिलीतील मेसिना येथे होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेलेली. हे एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळीतील हलत्या पेशी पाहत बसले होते. अन्नाचे कण गिळणाऱ्या या पेशी शरीरात घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का, असे त्यांच्या मनात आले. बागेतल्या गुलाबाचे काटे तोडून त्यांनी अळ्यांमध्ये टोचले. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा! रक्तवाहिन्याच नसलेल्या जिवातही असा प्रतिकार होतो, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पुढे डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्याशा जिवात, यीस्टसारख्या बुरशीचे बीजाणू या पेशी कसे फस्त करतात, हेही त्यांनी पाहिले. याच त्या भक्षक पेशी.

रक्तातील द्रवच रोगाशी लढतो असे मानणारे शास्त्रज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. वाद वर्षानुवर्षे चालला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि दुसऱ्या बाजूचे पॉल एर्लिक यांना विभागून मिळाले, आणि ते योग्यच होते.

माशांमध्ये अँटिबॉडी तयार होतात, पण सावकाश. पाणी थंड असेल तर आणखी सावकाश. कोळंबीत तर त्या तयारच होत नाहीत. त्यामुळे पहिला मोर्चा भक्षक पेशींनाच सांभाळावा लागतो. बीटा-ग्लुकन बुरशीच्या आवरणातही असते. ते जाणवताच शत्रू आल्याच्या समजुतीने या पेशी सावध होतात. खाद्यात ते घालण्यामागचा हिशेब हाच.

प्रोबायोटिकची कथा एवढी सरळ नाही. १८८८ पासून मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. (त्यांचे ओडेसातील विद्यार्थी हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची संस्था त्यांच्याच नावाची.) मोठ्या आतड्यातील कुजवणाऱ्या जिवाणूंमुळे म्हातारपण लवकर येते आणि आंबवलेल्या दुधातले जिवाणू त्यांना आवर घालतात, असे मेचनिकॉव्ह यांचे मत बनले. ते स्वतः रोज असे दूध पीत. पुरावा तुटपुंजा होता, तरी युरोपात त्याची लाट आली. लंडनमध्ये एका नामांकित शल्यविशारदाने तर रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्यापर्यंत मजल मारली.

मत्स्यशेतीत ही चूक नको. जिवाणू कोणता, किती, आणि उन्हात पडलेल्या पोत्यात तो जिवंत उरला आहे का, यावर सारे अवलंबून असते. तळ्यात मासे दाटीवाटीने सोडलेले, तळाशी गाळ साचलेला आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू घसरलेला असेल, तर महागडी पूरके फारसे काही करू शकत नाहीत.

१९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, मेचनिकॉव्ह हृदयविकाराने गेले. मृत्यूनंतर आपली आतडी नीट तपासून पाहावीत, असे त्यांनी एका सहकारी डॉक्टरला सांगून ठेवले होते.