रक्त गोठणे आणि न गोठणे : कोलकात्याचे शल्यचिकित्सक सर जोसेफ फेयरर

हृदयात यांत्रिक झडप बसवलेले, पायाच्या नीलेत गुठळी झालेले किंवा हृदयाची लय बिघडलेले असंख्य रुग्ण आज रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या आधारे सुरक्षित आयुष्य जगत आहेत. रक्ताचे गोठणे किती कमी करायचे आणि कोठे थांबायचे, हा या उपचाराचा गाभा आहे. हे गणित वैद्यकाला अवगत नव्हते, त्या काळात कोलकात्यातील एका शल्यचिकित्सकाने घोणस आणि नाग यांच्या विषाचा तौलनिक अभ्यास केला. एका विषाने मेलेल्या प्राण्याचे रक्त नेहमीप्रमाणे गोठते, तर दुसऱ्या विषाने मेलेल्याचे रक्त पातळच राहते, अशी नोंद त्यांनी केली. या शल्यचिकित्सकाचे नाव सर जोसेफ फेयरर.

जन्म आणि शिक्षण

जोसेफ फेयरर यांचा जन्म ६ डिसेंबर १८२४ रोजी इंग्लंडमधील प्लिमथ या बंदराच्या शहरी झाला. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात फेयरर यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे उत्क्रांतिवादाचे खंदे पुरस्कर्ते म्हणून ख्याती पावलेले थॉमस हक्सली तेथे त्यांचे सहाध्यायी होते. शिक्षणानंतर काय करावे, या विवंचनेत असलेल्या हक्सली यांना नौदलाच्या वैद्यकीय प्रमुखांकडे अर्ज करण्याचा सल्ला फेयरर यांनीच दिला होता.

काही काळ नौदलात आणि युरोपच्या प्रवासात घालवल्यावर १८५० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील सेवेत साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाले. १८५२ च्या दुसऱ्या ब्रह्मी युद्धात त्यांनी रंगून येथे काम केले. त्यानंतर लॉर्ड डलहौसी यांनी त्यांची लखनौच्या रेसिडेन्सीत शल्यचिकित्सक म्हणून नेमणूक केली.

लखनौचा वेढा

१८५७ च्या उठावात लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. फेयरर यांचे घर रेसिडेन्सीच्या आवारातच होते आणि वेढ्याच्या काळात तेच घर जखमींचे आश्रयस्थान बनले. अवधचे मुख्य आयुक्त सर हेन्री लॉरेन्स तोफगोळ्याने जखमी झाल्यावर त्यांना याच घरात आणण्यात आले आणि ४ जुलै १८५७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. नोव्हेंबर महिन्यात रेसिडेन्सी रिकामी होईपर्यंत फेयरर जखमींची आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होते.

जंतूंविषयीचे ज्ञान त्या वेळी अजून यायचे होते. तुटलेला हात किंवा पाय कापल्यानंतर जखम सडून रुग्ण दगावणे ही नित्याची गोष्ट होती. काही रुग्ण शस्त्रक्रियेतून सावरत असतानाच अकस्मात धाप लागून मरत. शरीरातील नीलेत तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसाच्या रोहिणीत अडकते, हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले होते. परंतु गुठळी होऊ नये म्हणून देता येईल असे एकही औषध तेव्हा वैद्यकाच्या हाती नव्हते.

कलकत्ता मेडिकल कॉलेज

काही काळ मायदेशी राहून आणि एडिंबरा येथे एम. डी. पदवी मिळवून फेयरर १८५९ मध्ये भारतात परतले. कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये ते शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८३५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आधुनिक वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या आशियातील पहिल्या संस्थांपैकी एक होती. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज तिच्यानंतर दहा वर्षांनी सुरू झाले. येथे फेयरर यांनी सुमारे बारा वर्षे अध्यापन, शस्त्रक्रिया आणि संशोधन केले. अवयवच्छेदनानंतर हाडाच्या आतील भागात होणारा दाह आणि त्यातून रक्तात पसरणारे विष हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १८६६ मध्ये भारतातील शल्यचिकित्सेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१८६७ मध्ये ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष झाले. कोलकात्यात प्राणिसंग्रहालय असावे, अशी सूचना त्यांनी या पदावरून केली. अलीपूरचे प्रसिद्ध प्राणिसंग्रहालय १८७६ मध्ये उघडले, तेव्हा फेयरर कोलकाता सोडून गेले होते.

सापांचा अभ्यास

फेयरर यांचे नाव चिरस्थायी झाले ते सर्पविषाच्या अभ्यासामुळे. सर्पदंशाने भारतात किती माणसे मरतात, याची विश्वसनीय मोजदाद तेव्हा नव्हती. फेयरर यांनी निरनिराळ्या प्रांतांच्या सरकारांकडून १८६९ या वर्षाची माहिती मागवली. ज्या प्रांतांतून ती आली, त्यांची लोकसंख्या सुमारे १२ कोटी होती आणि तेथे नोंद झालेले सर्पदंशाचे मृत्यू ११,४१६ होते. खरी संख्या याहून बरीच मोठी असणार, याची त्यांना जाणीव होती. भारतातील सर्पदंशाच्या प्रश्नाला आकड्यांचे रूप देण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो.

त्याच सुमारास त्यांनी कोलकात्यात गारुड्यांच्या साहाय्याने जिवंत साप मिळवून प्रयोग चालवले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे अशा सापांचा दंश कुत्री, कोंबड्या आणि अन्य प्राण्यांना घडवून प्रत्येक लक्षणाची वेळ नोंदवली जाई. मृत्यूनंतर शवविच्छेदन करून रक्ताची अवस्था पाहिली जाई. यातूनच तो महत्त्वाचा भेद हाती आला. नागाच्या विषाने मेलेल्या प्राण्याचे रक्त सामान्यतः गोठत असे. घोणशीच्या विषाने मेलेल्या प्राण्याचे रक्त मात्र पातळच राहत असे.

या भेदाचे कारण सांगण्याइतके रसायनशास्त्र तेव्हा प्रगत नव्हते. फेयरर यांनी निरीक्षण लिहून ठेवले आणि स्पष्टीकरण पुढील पिढ्यांवर सोपवले. त्यांचे सर्व काम १८७२ मध्ये भारतातील विषारी सापांवरच्या भव्य ग्रंथात प्रसिद्ध झाले. त्यातील रंगीत चित्रे कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेतील भारतीय चित्रकारांनी काढली होती. आजही तो ग्रंथ चित्रांसाठी आणि नोंदींसाठी पाहिला जातो.

उताऱ्याचा शोध

सर्पदंशावर उतारा म्हणून मुळ्या, दगड, मंत्र आणि गुप्त औषधे यांची त्या काळी रेलचेल होती. युरोपीय डॉक्टरांचे उपायही फारसे वेगळे नव्हते. ऑस्ट्रेलियातील एका प्राध्यापकाने नीलेत अमोनिया टोचण्याचा उपाय सुचवला होता आणि त्याचा बराच गाजावाजा झाला होता. फेयरर यांनी असे अनेक उपाय तपासले आणि विष पुरेसे भिनले असेल तर त्यांपैकी एकही उपयोगी पडत नाही, असा निष्कर्ष काढला. लोकांना हवे असलेले उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पण खोटा दिलासा देण्याचे त्यांनी टाळले.

इंग्लंडला परतल्यावर लॉडर ब्रंटन यांच्यासह त्यांनी विषाचा शरीरावरील परिणाम अभ्यासला. नागाच्या विषाने श्वसन बंद पडते आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास दिल्यास प्राण्याचे हृदय अधिक काळ चालू राहते, हे त्यांनी दाखवले. नागदंशाच्या रुग्णाला आज श्वसनयंत्रावर ठेवले जाते, त्यामागे हेच तत्त्व आहे.

त्यांच्या सर्वच सूचना काळाच्या कसोटीवर उतरल्या नाहीत. साप मारणाऱ्यांना सरकारने बक्षीस द्यावे, असे त्यांचे मत होते. रत्नागिरी जिल्ह्यातील फुरशांसह अनेक ठिकाणी असे बक्षीस देण्यात आले आणि सापांची मोठी संख्येने कत्तल झाली, परंतु सर्पदंशाचे मृत्यू त्यामुळे आटोक्यात आले नाहीत. घट्ट आवळपट्टी बांधणे, दंशाची जागा कापणे आणि डागणे हे उपायही त्यांनी सांगितले होते. १९०४ मध्ये ब्रंटन आणि कोलकात्याचे लिओनार्ड रॉजर्स यांच्यासह त्यांनी जखमेत पोटॅशियम परमँगनेट भरण्याची पद्धत पुढे आणली. हे सर्व उपाय आज त्याज्य ठरले आहेत. घोणशीच्या दंशानंतर रक्त गोठण्याची शक्तीच नष्ट होत असल्याने जखम कापणे विशेष घातक असते.

खरा उतारा फेयरर यांच्या हयातीतच सापडला. १८९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी प्रतिविष रक्तद्रव तयार केला. मात्र नागाच्या विषावरील हा द्रव घोणशीच्या विषावर चालत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. दोन विषांमधील जो भेद फेयरर यांना रक्तात दिसला होता, तोच येथे पुन्हा समोर आला. आज भारतात वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचा त्याच्या निर्मितीत मोठा वाटा राहिला आहे.

उत्तरायुष्य

प्रकृतीच्या कारणाने फेयरर १८७२ मध्ये इंग्लंडला परतले. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील वैद्यकीय मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारताच्या दौऱ्यावर आले, तेव्हा फेयरर त्यांचे वैद्य म्हणून सोबत होते. १८७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तर १८९६ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. १९०० मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २१ मे १९०७ रोजी फाल्मथ येथे त्यांचे निधन झाले.

विषातून औषधाकडे

घोणशीचे विष रक्तातील दहाव्या आणि पाचव्या क्रमांकाच्या गोठणघटकांना उद्दीपित करते, हे विसाव्या शतकात उलगडले. आरंभी शरीरात सर्वत्र सूक्ष्म गुठळ्या होऊ लागतात. त्यात फायब्रिनोजेन हे प्रथिन खर्ची पडते आणि मग रक्त गोठेनासे होते. फेयरर यांनी पाहिलेल्या पातळ रक्ताचे कारण हे होते. १९३४ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट मॅकफार्लेन आणि बर्जेस बार्नेट यांनी हेच विष अत्यंत सौम्य करून हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरून पाहिले. ज्यांना वारंवार गुठळ्या होतात, अशा काही रुग्णांच्या रक्ताची तपासणी करताना आजही प्रयोगशाळेत घोणशीचे विरल विष वापरतात.

गुठळी रोखणारी औषधे वेगळ्या वाटांनी आली. १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅक्लीन यांच्या संशोधनातून हेपॅरिनचा मार्ग खुला झाला. सडलेले गवत खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांचा अभ्यास कार्ल पॉल लिंक यांनी विस्कॉन्सिन येथे केला. त्यातून निघालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आले. एकविसाव्या शतकातील रिव्हारोक्सॅबॅन आणि अपिक्सॅबॅन ही औषधे दहाव्या गोठणघटकालाच रोखतात. घोणशीचे विष जो घटक चेतवते, तोच घटक ही औषधे शांत करतात.

रुग्णांसाठी अर्थ

वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल घेणाऱ्या रुग्णाने पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी करणे अत्यावश्यक आहे. बहुतेक रुग्णांमध्ये हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. काही यांत्रिक झडपांसाठी तो याहून थोडा अधिक असतो. आकडा कमी झाल्यास गुठळीचा आणि वाढल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावी. एखादी राहून गेल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. पालक, मेथी, कोबी यांसारख्या भाज्यांत के जीवनसत्त्व असते. त्या बंद करण्याची गरज नाही, मात्र त्यांचे प्रमाण आठवडोन्आठवडे साधारण सारखे असावे.

ॲस्पिरिन, आयब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, अनेक प्रतिजैविके आणि काही वनौषधी यांमुळे औषधाचा परिणाम बदलतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्य कोणतेही औषध घेऊ नये. दात काढणे, शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन यांपूर्वी आपण रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्याचे सांगावे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधीच सल्ला घ्यावा. नव्या औषधांना आयएनआर लागत नाही, परंतु मूत्रपिंडाची तपासणी लागते आणि यांत्रिक झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. काळी शौच, लालसर लघवी, न थांबणारा रक्तस्राव किंवा डोक्याला मार लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

सर्पदंश झाल्यासही वेळ न दवडता रुग्णालय गाठणे हाच उपाय आहे. तेथे रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष भिनल्याचे समजते आणि प्रतिविष सुरू केले जाते. फेयरर यांनी कोलकात्यात केलेली पातळ रक्ताची नोंद या साध्या तपासणीच्या रूपाने आजही खेड्यापाड्यांतील रुग्णांचे प्राण वाचवीत आहे.