विश्लेषण : मॉस्को जिंकणाऱ्या अमेरिकी पियानोवादकाच्या गुरू मॉस्कोच्याच! कोण होत्या रोझिना लेव्हिन?

एप्रिल १९५८. शीतयुद्धाच्या तणावातच मॉस्कोतील पहिल्या आंतरराष्ट्रीय चायकॉव्हस्की स्पर्धेत अमेरिकेचा २३ वर्षांचा पियानोवादक व्हॅन क्लायबर्न पहिला आला. मायदेशी परतल्यावर न्यू यॉर्कमध्ये त्याची जंगी मिरवणूक निघाली. मात्र तेथील ज्युलियार्ड संगीत विद्यालयात त्याला घडवणाऱ्या रोझिना लेव्हिन स्वतः मॉस्कोत शिकल्या होत्या.

एकल वादन का सोडले?

रोझिना यांचा जन्म १८८० मध्ये कीव्हमधील ज्यू कुटुंबात झाला. १८९८ मध्ये मॉस्कोच्या संगीत विद्यालयातून सुवर्णपदक मिळवून त्या बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी पियानोवादक जोसेफ लेव्हिन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एका घरात दोन एकल वादक म्हणजे स्पर्धा अटळ, हे ओळखून त्यांनी स्वतःची कारकीर्द मागे ठेवली. पतीसोबत दोन पियानोंचे कार्यक्रम आणि शिकवणे एवढेच त्यांनी सुरू ठेवले.

अमेरिकेत कशा आल्या?

१९०७ पासून हे कुटुंब बर्लिनमध्ये राहत होते. पहिले महायुद्ध पेटताच रशियन नागरिक म्हणून ते शत्रुपक्षाचे ठरले आणि जर्मनीतच अडकून पडले. १९१९ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क गाठले. पुढे दोघेही ज्युलियार्डमध्ये शिकवू लागले. जोसेफ दौऱ्यावर असले की त्यांच्या विद्यार्थ्यांची तयारी रोझिना करून घेत.

शिकवण्याचे वैशिष्ट्य काय?

पियानोतून गाता सूर काढणे, हा या रशियन परंपरेचा गाभा. त्यासाठी मनगट सैल हवे आणि पट्टीला बोटाच्या टोकाचा मांसल भाग लागला पाहिजे, असे तंत्र जोसेफ यांनी आपल्या पुस्तकात मांडले आहे. रोझिना यांनी ही परंपरा पुढे नेली. पण सर्व विद्यार्थ्यांना एकाच साच्यात बसवले नाही.

पतीनंतर काय?

१९४४ मध्ये जोसेफ यांचे निधन झाले. त्यांची जागा आपल्याला पेलेल का, अशी शंका रोझिना यांना होती. तरीही वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांनी ती स्वीकारली. क्लायबर्नखेरीज जॉन ब्राउनिंग, मिशा डिक्टर आणि ‘स्टार वॉर्स’चे संगीतकार जॉन विल्यम्स हेही त्यांच्याकडे शिकले.

मग स्वतःचे वादन?

तेही परतले. १९६३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली न्यू यॉर्क फिलहार्मोनिकसोबत शोपँचा ई मायनर कॉन्चेर्टो वाजवला. १९७६ मध्ये, ९६ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. लग्नानंतर मागे ठेवलेले एकल वादन सहा दशकांनी पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा त्यांची ओळख कुणाची पत्नी म्हणून करून द्यावी लागत नव्हती.