शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

रायपूर : रायपूरच्या मजूर वस्त्यांपासून कोकणातील पाड्यांपर्यंत अंगणवाडी हा शब्द आज सर्वपरिचित आहे. त्यामागील विचाराला आकार देणाऱ्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षण आणि आईची मजुरी हे दोन वेगळे प्रश्न मानले नाहीत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीतील वकिलाशी झालेला त्यांचा विवाह टिकला नाही. लहान मुलीची जबाबदारी सांभाळत त्यांनी राजकोट येथे अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. पुढे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत कार्य करण्यासाठी त्या १९२३ मध्ये भावनगरला गेल्या. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये झाली, तर दादर येथील शिशुविहार १९३६ मध्ये सुरू झाले.

सन १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्त्यांतील मुले मात्र बालवाडीत येत नसत. आईवडील सकाळीच कामावर जात, मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत, तर मुलगे गुरे राखीत. पालकांना शिक्षण नको होते असे नव्हे. मुलांच्या हातभाराविना घर चालत नव्हते. ताराबाईंनी पालकांना दोष न देता शाळाच बदलली. बालवाडी वस्तीतील अंगणात भरू लागली. महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया आणि खडे यांनी घेतली.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आल्या. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून मुलगी वर्गात बसू शकली आणि आईलाही निर्धास्तपणे कामावर जाता आले. गुराख्यांसाठी कुरणशाळा भरविण्यात आली.

१९६२ मध्ये पद्मभूषण किताबाने सन्मानित झालेल्या ताराबाईंचे ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. ती दिवसातील काही तासच चालते. मजूर आईचा दिवस त्याहून मोठा असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ पासून पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याचे धोरण स्वीकारले. कोसबाडला ही जोड अनेक दशकांपूर्वीच मिळाली होती.